वेळ मागितलीस, पण अर्ज केलास का?

वाचकाचं पत्र थोडं आटोपशीर करून देते:

‘ताई, मी अंबाजोगाई तालुक्यातला. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग केलं आणि चार वर्षांपासून दक्षिण जर्मनीतल्या एका लहान शहरात, यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. माझं ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, १४ नोव्हेंबरला संपतंय. इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत वेळ मिळावी म्हणून ऑगस्टपासून धडपडतोय. ऑनलाइन टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, दिसतच नाही. इंग्रजीत सात ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. दोनदा सुट्टी टाकून स्वतः गेलो, तर दारावरच्या माणसानं टर्मिन नाही म्हणून तिथूनच परत पाठवलं. कंपनीत एचआरवाली दर आठवड्याला विचारते. बहिणीचं लग्न ७ डिसेंबरला आहे, २८ नोव्हेंबरचं तिकीट काढून बसलोय. अण्णा फोनवर म्हणतात, “कुणाची तरी वळख काढ, साहेबाला घरी जाऊन भेट.” व्हॉट्सॲपवर एक जण दीडशे युरोत टर्मिन मिळवून देतो म्हणतोय. चार वर्षं टॅक्स भरला, बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकलो, आणि तरी दारात हात जोडून उभं असल्यासारखं वाटतं. रात्री झोप येत नाही. लग्नाला जाऊ का नको, एवढं सांगा.’

भावा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. जर्मनीत मी अकरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्या दारावरून परत फिरताना पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे. लग्नाचं सांगते, पण त्याआधी एक गोष्ट. तुझ्या पत्रात टर्मिन हा शब्द जागोजागी आहे, ईमेल आहे, सुट्टी आहे, एचआर आहे. ‘अर्ज’ हा शब्द मात्र एकदाही नाही. तू दोन महिने वेळ मागतोयस. अर्ज केलास का?

माझा अंदाज आहे की केला नाहीस. टर्मिन मिळाली की तिथे बसून फॉर्म भरायचा, असं तू धरून चाललास. आपल्याकडून गेलेली निम्मी पोरं असंच धरून चालतात, मीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. वेळ मागणं आणि अर्ज करणं या तिथल्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझी सगळी सुरक्षितता दुसरीत आहे.

जर्मनीच्या वास्तव्य कायद्याचं कलम ८१, उपकलम ४ नीट समजून घे. त्यात म्हटलंय की हातातलं कार्ड संपायच्या आत तू मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या परवान्याचा अर्ज केलास, तर कचेरीचा निर्णय होईपर्यंत जुनं कार्ड चालू आहे असंच धरलं जातं. नोकरीही चालू राहते. कचेरीनं उत्तर द्यायला सहा महिने लावले तरी त्याचं खापर तुझ्यावर फुटत नाही. पण अर्ज १४ नोव्हेंबरच्या आत पोचलेला हवा. १५ तारखेला पोचला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही, मग ते द्यायचं की नाही हे कचेरीच्या मर्जीवर जातं. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. तू उशीर केलेला नाहीस, हे आधी मनात घट्ट बसव.

अर्जाला टर्मिन लागत नाही. कचेरीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्जाची सोय असेल तर तिथून कर आणि शेवटी जी पोच येते ती त्याच क्षणी उतरवून ठेव. सोय नसेल तर साध्या कागदावर पत्र लिही. ठरावीक नमुनाच हवा असं नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, कार्डाचा क्रमांक, कार्ड कधी संपतं, काय मागतोयस, आणि खाली सही. हे पत्र आइनश्राइबन, म्हणजे रजिस्टर पोस्टानं पाठव, आणि त्याची स्कॅन केलेली प्रत ईमेलनंही पाठव. नुसत्या ईमेलवर विसंबू नकोस. नंतर वाद झाला तर पोस्टाची पावती जेवढी उपयोगी पडते तेवढा ईमेल पडत नाही. कंपनीत फॅक्स असेल तर तोही चालतो. तिथली बरीच सरकारी कार्यालयं फॅक्स अजून मानतात, आणि मशीनमधून पाठवल्याची वेळ छापलेली चिठ्ठी बाहेर येते.

माझे वडील केज तालुक्यातले शेतकरी. त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी होती. शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, आणि सगळ्यात तळाशी निजामाच्या काळातला एक उर्दू कागद, जो घरात कुणालाच वाचता येत नव्हता. तहसीलला कुठलाही अर्ज दिला की ते आवक-जावकच्या टेबलावरून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. घरी आल्यावर कागदाच्या मागे पेन्सिलीनं तारीख आणि ज्यानं कागद घेतला त्याचं नाव लिहायचे. ‘साहेब बदलून जातो, शिक्का ऱ्हातो,’ एवढंच म्हणायचे. मी जर्मनीत जे काही निभावलं ते त्या पेटीच्या जोरावर. तुझ्या घरीही अशी पेटी किंवा खताच्या गोणीची पिशवी असणार. अण्णांकडून ती सवय घे.

आता पत्र कसं लिहायचं. जर्मनमध्ये लिही. प्रशासनाची भाषा जर्मन आहे असं तिथल्या कायद्यातच लिहिलेलं आहे. इंग्रजी मेलला काही कचेऱ्या उत्तर देतात, पण ते त्यांच्यावर बंधनकारक नाही. तुझं बी-वन या पत्राला पुरतं. आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ छापाचं काहीही नको. काय हवंय ते पहिल्याच ओळीत यावं. विषयाच्या जागी तुझा आक्टनत्साइखन, म्हणजे फाइलचा क्रमांक, मग नाव, जन्मतारीख आणि ‘कार्ड १४ नोव्हेंबरला संपतं’ एवढं टाक. सात मेल सात वेगवेगळ्या विषयांनी गेले असतील तर ते एकाच माणसाचे आहेत हे टेबलावरच्या बाईंना कळायलाही वेळ लागतो. इथून पुढे नवा मेल करू नकोस, त्याच मेलखाली पुढचं लिहीत जा.

आणि मागायचं काय? तू मुदतवाढ मागायच्या तयारीत आहेस. मी म्हणते, कायमच्या वास्तव्याचा परवाना माग. ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी झाली, तेवढे महिने पेन्शनचा हप्ता भरला आणि जुजबी जर्मन येत असलं, तर तो परवाना मिळतो. बी-वन असेल तर २१ महिने पुरतात. तुझी चार वर्षं झाली आहेत, हातात बी-वन आहे. हा परवाना तू दोन वर्षांपूर्वीच मागू शकला असतास, ते तुला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. पेन्शनच्या हप्त्यांचा उतारा आजच मागवून घे, तो पोस्टानं यायला दिवस लागतात. त्याशिवाय पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, घराचा करार आणि आरोग्य विम्याचा दाखला लागेल. तिथली राज्यव्यवस्था आणि समाज यांची तोंडओळख असल्याचा पुरावा म्हणून ‘लेबन इन डॉइचलांड’ ही छोटी परीक्षा पास झाल्याचा दाखलाही बहुधा मागतील. तो नसेल तर परीक्षेला नाव नोंदव आणि नोंदवल्याचा कागद जोड. सगळी कागदपत्रं जमेपर्यंत अर्ज थांबवू नकोस. अर्ज आधी, राहिलेले कागद मागून.

पत्रात एक शब्द मात्र विसरू नकोस: हिल्फ्सवाइझे. म्हणजे, हे जमत नसेल तर ते. ‘मला कायमचा परवाना द्यावा, हिल्फ्सवाइझे माझ्या ब्लू कार्डची मुदत वाढवावी.’ एका पत्रात दोन्ही मागण्या बसतात.

तिसरी मागणीही त्याच पत्रात कर आणि तिच्यावर तुझं लग्नाचं उत्तर अवलंबून आहे. अर्ज केल्यामुळे जे संरक्षण मिळतं त्याचा दाखला कचेरीनं द्यायचा असतो, असं कलम ८१ च्या उपकलम ५ मध्ये आहे. त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. नाव दातांत अडकतं, पण पाठ कर. हा घडीचा कागद असतो आणि त्याच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात. तिसऱ्या चौकोनावर, म्हणजे उपकलम ४ वर, फुली असली तर तो कागद, संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट असं तिन्ही मिळून जर्मनीत परत येता येतं. वरच्या चौकोनांपैकी एखाद्यावर फुली असली तर देशाबाहेर पडू नकोस, कारण परत यायला त्या कागदाचा उपयोग नाही. कागद हातात पडला की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, तिसरं पान उघड. जिना उतरल्यावर चूक दिसली तर ती सुधारायला पुन्हा टर्मिन लागेल.

म्हणजे हिशेब असा. अर्ज वेळेत गेला की तुझं राहणं आणि नोकरी सुरक्षित, कागद हातात असो वा नसो. प्रवासाला मात्र कागद हातातच हवा. ‘तुमचा अर्ज मिळाला’ असं नुसतं पत्र विमानतळावर चालत नाही, आणि मोबाइलमधला फोटोही नाही.

हा दाखला लवकर मिळावा म्हणून प्रवासाचं कारण कळव. लग्नपत्रिका जोड. खरंच जोड. आपल्या पत्रिकेवर गणपती असतो, कुलदैवतं असतात, चि. सौ. कां. असतं, मामा-मावश्यांची रांग असते. त्यातल्या तारखेखाली पेनानं रेघ मार आणि शेजारी जर्मनमध्ये लिही: ‘माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न, ७ डिसेंबर’. सोबत तिकिटाची प्रत. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी मी हेच केलं होतं. टेबलावरच्या बाईंनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली, ‘इतकी नावं?’ म्हणाल्या आणि नऊ दिवसांत दाखला दिला. तुला नऊच दिवसांत मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. पण ‘अर्जंट, अर्जंट’ असं सात वेळा लिहिण्यापेक्षा तारीख छापलेला एक कागद जास्त बोलतो.

तिकीट आखातातून असेल तर बघ, बदलता आलं तर मुंबई ते जर्मनी सरळ विमान घे. कायद्यानं फरक पडत नाही. पण परतताना मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीनं तो घडीचा कागद कधी पाहिलेलाच नसतो आणि संपलेलं कार्ड बघून ती घाबरते. मध्ये एक विमानतळ वाढला की असा एक काउंटर वाढतो. चार तास आधी जा आणि तिन्ही कागद एकाच पाकिटात ठेव.

आता एक माझ्यावर बेतलेली गोष्ट, कारण तू निघालास तर ती तुला लागू होते. वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून मी पाच आठवडे गावी आले होते. माझाही अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता. परत गेले, इमारतीच्या दाराशी सामान टेकवलं, टपालाची पेटी उघडली, तर जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पिवळं पाकीट. पाकिटावर एक छापील चौकट, चौकटीत पोस्टमननं निळ्या शाईत टाकलेली तारीख. आत अर्ज फेटाळल्याचं पत्र. दोन कागद कमी होते, ते मागणारं आधीचं पत्र मला मिळालंच नव्हतं. घर नवऱ्याच्या नावावर होतं, पेटीवर त्याचंच आडनाव होतं, माझं माहेरचं आडनाव मी तिथे लावलंच नव्हतं. तिथला पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. पिवळं पाकीट आलं तोवर नवऱ्यानं नाव चिकटवलं होतं, पण पेटी रोज उघडायची सवय त्याला नव्हती.

पिवळं पाकीट पेटीत पडलं की ते तुला मिळालं असंच कायदा धरतो, तू अंबाजोगाईत वरातीत नाचत असलास तरी. पत्राच्या शेवटी एक परिच्छेद असतो, निर्णयाविरुद्ध दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची त्याचा. बहुतेक वेळा मुदत एक महिना, आणि ती पाकिटावरच्या तारखेपासून मोजतात. ते पाकीट फेकायचं नसतं. माझ्या हातात दोन दिवस उरले होते. जेटलॅगनं जडावलेल्या डोळ्यांनी रात्रभर हरकतीचं पत्र लिहिलं आणि सकाळी कचेरीच्या पेटीत स्वतःच्या हातानं टाकलं, मैत्रिणीला साक्षीला उभं करून. निभावलं. पण त्या रात्रीची भीती अजून माझ्या अंगात आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तेव्हा आज संध्याकाळी खाली जा आणि पेटीवर पासपोर्टात आहे तसं तुझं आडनाव लावलंय का बघ. गावी जाशील तेव्हा शेजाऱ्याकडे किंवा मित्राकडे पेटीची किल्ली दे आणि सांग, कचेरीचं किंवा पिवळं काही आलं तर फोटो पाठव. पासपोर्टची मुदतही बघून घे. तो संपायला आला असेल तर दूतावासाकडचं नूतनीकरणाचं काम आजपासूनच लाव, कारण नवं कार्ड चालू पासपोर्टाच्या आधारावरच बनतं.

अण्णांना काय सांगायचं? त्यांचं चुकतं असं म्हणू नकोस. आपल्याकडे तहसीलमध्ये माणूस ओळखीचा असला की फाइल खालची वर येते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. तिथे मात्र अधिकाऱ्याच्या घरी जाऊ नकोस, आणि दिवाळी तोंडावर आहे म्हणून फराळाचा डबा घेऊन कचेरीतही जाऊ नकोस. तुझ्या मनात आदर असेल, पण अधिकाऱ्यासाठी ती भेटवस्तू स्वीकारणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि तो डबा बघून समोरचा माणूस खुर्ची मागे सरकवतो. सोबत माणूस न्यायचा असेल तर तो हक्क आहे. बोलायला धीर यावा म्हणून चांगली जर्मन येणारा एखादा सहकारी घेऊन जा.

दीडशे युरोवाल्याला नकार दे आणि पासपोर्टाची प्रत तर त्याला मुळीच पाठवू नकोस. टर्मिन फुकट असते. पैसे खर्च करायचेच असतील तर परदेशी नागरिकांच्या कायद्याचा वकील गाठ. फीचा वेगळा करार केला नसेल तर पहिल्या सल्ल्याची फी तुझ्यासारख्या ग्राहकाकडून १९० युरो अधिक कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याच्याही आधी कारितास, डियाकोनी, आवो किंवा जर्मन रेड क्रॉस यांचं स्थलांतरितांसाठीचं सल्ला केंद्र शोध. एक पैसा घेत नाहीत. मला हरकतीचं पत्र पुढे नीट करून दिलं ते अशाच एका केंद्रातल्या बाईंनी. त्यांना तुमच्या कचेरीतल्या कुठल्या टेबलावर काय अडतं हेही माहीत असतं.

कचेरी गप्पच राहिली तर? अर्ज पोचून तीन महिने झाले आणि कारण न देता निर्णय दिला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. बऱ्याचदा वकिलाच्या पत्रात त्या दाव्याचा उल्लेख आला की फाइल हलते. पण ती गोष्ट जानेवारीची. एचआरला आत्ता अर्जाची प्रत आणि पोस्टाची पावती दे आणि कलम ८१ चं उपकलम ४ दाखव. तिलाही तिच्या फाइलमध्ये काहीतरी लावायचं असतं, म्हणून ती विचारत राहते.

तुला हात जोडल्यासारखं वाटतं म्हणालास, ते माझ्या मनातून जात नाही. त्या कचेरीत जे चाललंय ते तुझ्याविरुद्ध नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून दहा लाखांहून जास्त माणसं जर्मनीत आली आणि त्यांचे परवाने याच टेबलांवरून गेले. त्यातच कायदे बदलत राहिले. माणसं कमी, फायली ढिगानं. दारावरचा माणूस कोरडं बोलला तो अपमान म्हणून बोलला असं धरू नकोस, त्याच्या भाषेत ‘नाही’ एवढंच वाक्य असतं. आणि जर्मन कायद्यात एक शब्द आहे, आनश्प्रुख. हक्काची मागणी. अटी पूर्ण असतील तर ब्लू कार्डनंतरचा तो कायमचा परवाना द्यावा लागतो, अधिकाऱ्याच्या मेहेरबानीवर ठेवलेला नाही. तू पगारातून दरमहा हप्ते भरले आहेस, रात्री जागून भाषा शिकला आहेस. पत्र लिहिताना ‘विनंती’ या शब्दाऐवजी ‘अर्ज करतो’ असं लिही, तुझा हात आपोआप सरळ होईल.

लग्नाचं उत्तर. तिकीट रद्द करू नकोस, पण तारीख बदलायला शेवटची मुदत कोणती आणि किती पैसे पडतात ते आज विचारून ठेव. २० नोव्हेंबरपर्यंत तिसऱ्या चौकोनावर फुली असलेला कागद हातात आला तर जा, हळद लागायच्या आधी पोच, आणि लग्नाची कामं कर. नाही आला तर जाऊ नकोस. हे लिहिताना मला जड जातंय. पण कागदाशिवाय गेलास तर परतीसाठी नवा व्हिसा काढावा लागेल, त्याला किती आठवडे लागतील ते कुणाच्या हातात नाही, आणि तोवर कंपनी थांबेल याची खात्री नाही. बहिणीला हे आजच फोन करून सांग, अण्णांच्या मार्फत नको. ‘येणारच’ असं सांगून आदल्या आठवड्यात ‘नाही’ म्हणालास तर तिला जास्त लागेल. चार वर्षं तू तिथे काय करतोयस हे तिला इतरांपेक्षा जास्त कळतं, असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं.

उद्या पोस्टात जा. पावतीवर आतल्या पत्राची तारीख आणि विषय पेन्सिलीनं लिहून ठेव, आणि तिचा फोटो अण्णांना पाठव. पोच आली म्हटल्यावर तेही रात्री झोपतील. कागद मिळाला की मला दोन ओळी टाक, आणि तिसरं पान बघितलंस का तेही लिही.

तुझी,
ताई